पस्तीस मिनिटं मागे

सातारा,
मंगळवार, ता. ६ जुलै १९७६

सौ. चंदनबाला हिस,

तुझ्या शाळेच्या बाकावरच्या अंजनाचा जिवाभावाचा नमस्कार. तुझ्या मामंजींना माझा वाकून नमस्कार सांग (मोठ्यानं सांग, मागं आले होते तेव्हा माझा नमस्कार ऐकू न आल्यामुळे ते दिवसभर मला 'कुणाची गं तू' विचारत होते). रायगोंडा भाऊजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी सांगितलेलं तेल लावतेस की बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून नुसता नमस्कार करतेस? आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला पाऊस धरला की येतो आणि उघडीप पडली की जातो, त्यामुळे घरात वेगळा हवामानखात्याचा खर्च नाही. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे, पाठीमागं मारुतीचं चित्र दिसेल. पाय लावू नकोस.

या पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक हे पत्र आणि दुसरं माझ्या वहीतलं फाडलेलं पान. पान आधी वाचलं असशील तर तुला फार आनंद झाला असेल. तो आनंद तसाच घडी घालून बाजूला ठेव आणि आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

एप्रिल संपता संपता तू रामगोंडाला घेऊन आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. पोराचं कॉलेज सांगलीला, पण रोज एसटीनं दुधगावला परत. वीस वर्षांचा झाला तरी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. कॉलेजनं दोन महिन्यांचं ट्रेनिंग लावलं तेही साताऱ्याच्या कारखान्यात. (जवळ कुपवाडला लावलं असतं तर सायकलनं जाऊन आला असता आणि हे पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.) मामंजी म्हणत होते, पाठवू नका. तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "अंजे, परगावी पोरगा बिघडतो तो पहिल्यांदा ताटात बिघडतो. आठव्या वर्षापासून यानं दिवस मावळल्यावर घास खाल्लेला नाही. तुझ्या शब्दावर सोडते, नाहीतर आत्ता परत नेते." मी देवासमोर हात ठेवून शब्द दिला. वर तू म्हणालीस, वहीत रोजची वेळ लिही आणि शेवटी मला पाठव. तुला ठाऊक होतं, माझी वही म्हणजे काय. लग्नापासून सव्वीस वर्षं लिहिते आहे आणि आजवर तीत एक खोटा आकडा नव्हता. 'नव्हता' असंच लिहिते आहे, लेखनातली चूक समजू नकोस.

पहिले पंधरा दिवस मी शब्दापेक्षा जास्त पाळलं. अगदी जैनाच्या घरासारखा कांदा, लसूण, बटाटा घरातून हद्दपार केला. आमच्या हवालदारांचं तुला माहीत आहे, पलटणीत असताना यांनी एका वेळी तीन कांदे बुक्कीनं फोडून खाल्लेत असं ते स्वतःच सांगतात. त्यांना मी कांदा मागल्या दारी खायला लावला. ते परसात पाट टाकून, छत्री धरून, एकटेच कांदा फोडायचे आणि आत येण्याआधी तोंड धुऊन, कडुनिंबाची काडी चावून, जणू सरहद्दीवरून आल्यासारखे उंबऱ्याशी उभे राहायचे. एकदा रामगोंडाच म्हणाला, "मावशी, काकांना आत बसू द्या, मी वास घेतला म्हणून माझा धर्म जात न्हाई." पण हे ऐकेनात. "तुझ्या आईला शब्द दिलाय, आन् तो दोघांच्या वतीनं दिलाय," म्हणाले. मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या शब्दात वाटा मागितला तो हा पहिलाच.

मग सूर्याचं भांडण निघालं. तुमच्याकडे वारणाकाठी सगळं सपाट, उसाच्या शेंड्यांवरून सूर्य खाली उतरताना टेकेपर्यंत दिसतो. आमच्याकडे पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. सूर्य त्याच्याआड जातो तेव्हा पंचांगातला सूर्यास्त चांगला वीस मिनिटं लांब असतो. पहिल्याच आठवड्यात पोरानं अर्धी भाकरी ताटात ठेवून हात आखडला, कारण सोप्याच्या खिडकीतून सूर्य दिसेना. मी म्हटलं, "अरे, मावळला नाही, डोंगराआड गेलाय. तुझे वडील भिंतीआड गेले म्हणजे गावाला गेले का?" तो म्हणाला, "दिसत न्हाई म्हणजे मावळला." मी पंचांग काढलं, चष्मा लावला आणि त्याला सूर्यास्ताची घटका वाचून दाखवली. पंचांगावर त्याचा विश्वास बसला. त्या दिवसापासून आमच्या घरात सूर्य यवतेश्वरावर न मावळता भिंतीवरच्या घड्याळावर मावळू लागला. ही सवय मीच लावली हे लक्षात ठेव, पुढं उपयोगी पडेल.

कारखान्यात सुरुवातीला त्याला कोणी काही शिकवत नव्हतं. पंधरा दिवस लेथ मशीनखालचा लोखंडी कीस झाडायला लावला, मग एक ठोकळा देऊन सांगितलं, कानशीनं घासून चारी बाजू सारख्या कर. घासून घासून ठोकळा सुपारीएवढा झाला तरी बाजू सारख्या होईनात. पण पोरगा खूश. रोज येऊन ह्यांना हातावरचे फोड दाखवायचा आणि हे त्याला आपल्या मांडीवरची गोळीची खूण दाखवायचे. (ती गोळीची नाही, म्हशीनं शिंग मारलेलं आहे. तू कुणाला सांगू नकोस.) सहा वाजता सायकल दारात, सव्वासहाला ताट, साडेसहाला हात धुतलेले. पानावर या सगळ्या नोंदी आहेत. त्या खऱ्या आहेत. बोट ठेवून वाच, एकेक खरी आहे.

जूनच्या मध्याला त्याचं नशीब उघडलं आणि माझं फिरलं. दादासो म्हणून फोरमन आहे, माणूस वाईट नाही, पण घरी जायचा कंटाळा असलेला. त्यानं पोराला लेथवर उभं केलं आणि त्याचा हात बघून खूश झाला. पाळी सुटली की म्हणायचा, "थांब रं गड्या, घरला जाऊन काय करतोस? ह्यो येक पीस काढून जा." हल्ली सगळीकडे कमी बोला, जास्त काम करा अशा पाट्या लागल्यात, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. सर्टिफिकेटावर सही दादासोची. नाही म्हणणार कसं? पीस काढून, मशीन पुसून, सायकल मारत घरी यायला साडेसात. आणि पंचांगात सूर्यास्त सात वाजून बारा मिनिटांनी.

पहिल्या दिवशी मी ताट वाढून बसले होते. तो आला, घड्याळाकडे बघितलं, हातपाय धुतले आणि म्हणाला, "मावशी, भूक न्हाई. कारखान्यात चहाबरोबर काय काय खाल्लं." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, काय काय म्हणजे काय? तर म्हणाला, "काय काय म्हणजे... काय काय." तुझ्या मुलाला खोटं बोलता येत नाही, चंदन. निदान तेव्हा तरी येत नव्हतं.

गुरुवारी मी उपाय काढला. सहा वाजता डबा घेऊन ह्यांना कारखान्याच्या फाटकाशी पाठवलं. सातला पोरानं दोन मिनिटं बाहेर येऊन चार घास खावेत एवढंच. हे गेले. आणि फाटकावरचा वॉचमन निघाला ह्यांच्याच पलटणीतला! मग काय सांगू, दोघांनी तिथे अख्खी लढाई पुन्हा लढली. कोण कुठल्या खंदकात होता, कुणाचे बूट कुणी पळवले, लंगरात डाळ कशी पातळ. डबा स्टुलावर. पोरगा दोनदा फाटकाशी येऊन गेला तर ह्यांनी त्यालाच सॅल्यूट करायला लावून वॉचमनची ओळख करून दिली. साडेआठला हे आणि पोरगा दोघे डबा भरलेला तसाच घेऊन परत आले. मी डबा ह्यांच्या हातातून काढून घेतला. हे अंगणातच उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "आगं, लय चूक झाली." शुक्रवारी मी स्वतः छत्री घेऊन गेले आणि डबा आत पाठवला. पोरानं मशीनशेजारी उभ्यानं पहिला घास घेतला तर दादासो सगळ्यांदेखत ओरडला, "ह्ये काय पंगतीचं ठिकाण हाय व्हय रं? आन् तुजी आय फाटकात उभी हाय का?" सगळे हसले. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, मावशी, उद्या डबा नको. पण 'ती माझी आई नाही' असं तू दादासोला सांगितलंस का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. सांगितलं नसावं असं वाटतं.

शनिवारी तो आला आणि बूट न काढता सोप्यावरच्या चटईवर आडवा झाला. मी बूट काढायला वाकले. तो झोपलेला होता आणि झोपेत त्याचा जबडा हलत होता. तो चावत होता, चंदन.

आता जे लिहिते ते तुला माहीत आहे, पण आज मला ते लिहायचंय. आमचा गुंडा गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. आम्ही वडूजला होतो, हे सरहद्दीवर. मुदतीचा ताप. वैद्यांनी सांगितलं, एकवीस दिवस लंघन, पेजसुद्धा नको, आतडं फाटेल. मी त्यांना शब्द दिला. (शब्द देण्याची मला खोडच आहे.) एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी त्यानं डोळे उघडून चटणी-भाकरी मागितली. नीट, स्पष्ट, भांडून मागावी तशी मागितली. भाकरी टोपल्यात होती. मी म्हटलं, परवा. शब्द पाळला. वैद्य नंतर मला म्हणाले, बाई, तुमच्यासारखं पथ्य कुणी पाळलं नाही.

त्या वेळी तू वर्षाच्या रामगोंडाला कडेवर घेऊन दोन एसट्या बदलून वडूजला आलीस. बाकीच्या बायका केवढं बोलल्या. तू काही बोलली नाहीस, पोराला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि चूल पेटवायला गेलीस. त्यानं माझं मंगळसूत्र तोंडात घालून चावायला सुरुवात केली होती. तोच जबडा.

सोमवारी पाच वाजता हे दूध आणायला गेले तेव्हा मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ पस्तीस मिनिटं मागे केलं.

ते आमचं टोल्याचं घड्याळ. काटे मागं घेतले की टोल्यांचा हिशेब बिघडतो, सहाला सात पडायला लागले. म्हणून टोल्याच्या हातोडीला चिंधी बांधली. ह्यांनी विचारलं, "घड्याळ मुकं का झालं?" म्हटलं, दमट हवा. रोज संध्याकाळी पाचला मागं, रोज पहाटे चारला पुढं, नाहीतर पोरगा कारखान्यात उशिरा पोचला असता. आभाळ तर दिवसभर भरलेलंच, आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी, दुपारपासून दिवा लागतो. त्यामुळे उजेडाची भीती नव्हती. भीती एका गोष्टीची होती. देवापुढचा दिवा. तो पेटलेला दिसला की तिन्हीसांज झाली हे लहान पोरालाही कळतं. मग मी दिवाच लावेनाशी झाले. त्याचं जेवण होऊन तो हात धुवायला गेला की मग वात पेटवायची. बारा संध्याकाळी मी देवाला अंधारात बसवलं, चंदन. सासूबाईंच्या मरणादिवशी चुकला नव्हता तो दिवा. मी रोज देवाला सांगायची, जरा दम धर, पोराचं ताकभाताचं राहिलंय. त्यानं दम धरला. निदान काही बोलला नाही.

आमच्या हवालदारांची मात्र पंचाईत झाली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की हे रेडिओ लावणार बातम्यांना, तर रेडिओवर भलतंच, ऊस लागणीची माहिती. दोन दिवस रेडिओला शिव्या दिल्या. म्हणाले, बातम्या आता आधीच सांगून मोकळे होतात, पत्र लिहितो. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मनगटावरचं घड्याळ बघितलं, भिंतीवरचं बघितलं, चिंधी बघितली, मग ताटावर वाकलेल्या पोराकडे बघितलं. उठून रेडिओचा खटका बंद केला. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण आत येऊन हळूच म्हणाले, "त्यो रेडिओ मधीच टायम सांगतो. पोरगं ऐकंल." तेव्हापासून त्यांनी बातम्या सोडल्या. कांदा आधीच परसात गेला होता. एवढा त्याग त्यांनी पलटणीतही केला नसेल.

आणि तुझा मुलगा! दारात सायकल लावायची, घड्याळाकडे बघायचं, म्हणायचं, "सातला पाच कमी हायत मावशी, वाढा पटापटा." चार चार भाकऱ्या. मी मनात म्हणायची, किती भोळं पोर, अंधारात घरी येतो आणि भिंतीवरच्या काट्यावर विश्वास ठेवतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळही नेमकं भिंतीवरच्याशी जुळायचं, ते मी माझं नशीब समजले. मग वही उघडून लिहायची, '६ वा. ५५ मि.' पहिल्या दिवशी आकडा दोनदा गिरवला. बाराव्या दिवशी अक्षर एकदम वळणदार आलंय, पानावर बघ.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते. पानावरच्या एकवीस जूनपासूनच्या बारा नोंदी खोट्या आहेत. प्रत्येकीत पस्तीस मिनिटं मिळव. दिवस मावळल्यावर तो जेवला, त्याला न कळता जेवला, मी जेवू घातलं. पाप माझं. प्रायश्चित्त काय ते तू तुमच्या महाराजांना विचारून कळव, उपास असेल तर उत्तम, त्याची मला सवय आहे. तोपर्यंत मी माझ्या मनानं रात्रीचं जेवण सोडलंय. रामगोंडाला मात्र यातलं काही सांगू नकोस. मावशीनं फसवलं हे त्याला कळलं तर पुन्हा माझ्या घराची पायरी चढायचा नाही, आणि मला त्याच्याशिवाय पायरी चढणारं दुसरं कोण आहे?

रविवारी तो गेल्यावर मी हातोडीची चिंधी सोडली. घड्याळानं दहाला दहा टोले दिले. हे म्हणाले, आता घर कसं शिस्तीत आलं. मग परसात कांदा घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले.

आपली,
अंजना

ता. क. — पत्र बंद करणार होते, पण भाड्याची सायकल परत करायची राहिली होती म्हणून कोपऱ्यावर धुळाच्या दुकानात गेले. धुळा म्हणाला, "मावशे, तुमचं पोरगं लय येडं बगा. रोज सांजच्याला हितं थांबायचं, मला टायम इचारायचं आन् हातातलं घड्याळ मागं करायचं. मी म्हनलं, का रं, लोकं घड्याळ फुडं करत्यात, तू मागं का? तर म्हनला, मावशीच्या घड्याळासंगं लावतो. न्हाईतर तिचं ध्यान जाईल माज्या मनगटाकडं, आन् तिला वाटंल मला कळलंय."

मी तिथेच त्याच्या पंक्चरच्या टबाशेजारी बसले. धुळानं पाणी दिलं.

दुसरा ता. क. — हा वरचा ताजा कलम फाडून टाकावा असं दोन तास मनात घोळत होतं. फाडला तर पाप माझ्या एकटीचं राहतं आणि तुझं पोर स्वच्छ. पण सव्वीस वर्षांच्या वहीत बारा खोट्या नोंदी झाल्यात, तेरावी करायची हिंमत नाही. त्याला कळत होतं, चंदन. उपाशी राहायची त्याची तयारी होती, आठवडाभर राहून दाखवलं त्यानं. मग जेवला तो कुणासाठी? माझ्या गुंडानं मागितलं तेव्हा मी दिलं नाही. यानं मागितलं नाही आणि माझ्यासाठी खाल्लं. हे कुठल्या बाजूला लिहायचं ते मला समजत नाही. तू मॅट्रिकला गणितात माझ्यापुढे होतीस.

म्हणून एवढं लांबण लावून मागायचं होतं ते हे. प्रायश्चित्त मला दे, कितीही दे. त्याला काही विचारू नकोस. वडूजला आलीस तेव्हा जशी काही बोलली नाहीस, तशीच आताही बोलू नकोस. नुसतं ताट वाढ.

आणि तो 'भूक नाही' म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस. आता खोटं चांगलं बोलतो. माझ्याकडे राहून गेलाय.